कार्डाच्या मागच्या बाजूला

"माजं इंग्रजीत नाव हाय गो," आई गिरजाबाईला म्हणाली. "क्वेरुलस. आमच्या नमीनं लिवलंय."

सोमवारची सकाळ होती, मिनीडोर रिक्षा बांधावरचा खड्ड्यांचा रस्ता सोडून पेणच्या डांबरी रस्त्याला लागत होती आणि माझ्या मांडीवर शब्दांच्या कार्डांचा गठ्ठा होता. हातातलं कार्ड खाली पडलं. ते उचलायला वाकले तर डोकं पुढच्या दांडीवर आपटलं, आणि कपाळ चोळत मी तशीच वाकून राहिले, कारण वर बघायची हिंमत होईना. क्वेरुलस म्हणजे सतत कुरकुर करणारं माणूस. ज्याचं कशानेच समाधान होत नाही, जे रडक्या आवाजात तक्रारी करत राहतं, ते. शब्द उच्चारताना त्यात कुरकुर ऐकू येते, आणि कुरकुर म्हटलं की मला आई आठवते, म्हणून त्या कार्डाच्या मागे मी अर्थ लिहिलाच नव्हता. फक्त 'आई' एवढं लिहिलं होतं. सातवीपर्यंत शिकलेल्या माझ्या आईला इंग्रजी अक्षरं जोडून वाचता येतात आणि मराठी तर येतंच येतं, हे मी कसं विसरले कोण जाणे. "बरं वाटतं गो ऐकायला," गिरजाबाई म्हणाली. ही आमची शेजारीण, आईबरोबर पेणच्या बाजारात भाजी विकते, आणि हिच्या पोटात काही राहत नाही, म्हणजे दुपारपर्यंत ही बातमी गावभर होणार. "देवीचं नाव असल्यावानी. अर्थ काय त्याचा?" आई म्हणाली, "अर्थ पोरीला म्हायती. नमे, सांग की गिरजाबायला." मी बाहेर मिठागरांकडे बघत म्हणाले, "मला रोह्याची गाडी पकडायची आहे." हे खरंच होतं, पण ते उत्तर नव्हतं.

शनिवारी परीक्षा. पाच दिवस. अमेरिकेतल्या विद्यापीठात जायला लागते ती जीआरई, आणि माझी ती दुसरी खेप. गणिताचा मला त्रास नाही. पहिल्या खेपेला मला बुडवलं ते इंग्रजीने. एकशे त्रेपन्न हवे होते, एकशे सेहेचाळीस मिळाले. सात गुण. सात गुणांसाठी मी रोह्याच्या केमिकल कंपनीतल्या लॅबमध्ये आणखी एक वर्ष तेच ते नमुने तपासत बसले, तीच काचेची नळी, तेच थेंब, तोच गुलाबी रंग आला की थांबायचं. चार वर्षं झाली. अठ्ठावीस संपेल. यंदा नाही जमलं तर पुढच्या वर्षी मला कुणी विचारणार नाही की तुला कुठे जायचंय, विचारतील ते वेगळंच. आणि मधे काय उभं आहे, तर ऑब्ड्युरेट, रिकॅल्सिट्रंट, इन्ट्रान्सिजंट. सगळ्यांचा अर्थ हट्टी! एका हट्टी माणसासाठी इतके शब्द ज्यांनी काढले त्यांना दुसरा कामधंदा नसावा. आमच्या गावात निम्मी माणसं हट्टी आहेत, पण एका शब्दात सगळ्यांचं भागतं. मी आयुष्यात कधी कुणाला रिकॅल्सिट्रंट म्हणणार आहे? माझं काम रसायनांशी. सल्फ्युरिक ॲसिडला मी काहीही म्हटलं तरी चालतं. पण नाही, आधी हे हजार शब्द गिळा, मग प्रयोगशाळेचं दार उघडू. मला भयंकर चीड येते, आणि चीड आली की शब्द आणखी विसरतात.

कार्डांची युक्ती आदेश सरांची. पेणला गणपतीच्या कारखान्याच्या माडीवर त्यांचा क्लास आहे. खाली मूर्ती घासत असतात, ती पांढरी भुकटी जिन्यावरून वर येते आणि आमच्या वह्यांवर बसते. माझ्या कार्डांनाही ती लागलेली आहे, बोटांना अजून खरखरते. सर म्हणायचे, अर्थ पाठ करू नका, अर्थ उडून जातो. शब्द माणसाला अडकवा. घरातली माणसं घ्या, ती विसरता येत नाहीत. मला हे एकदम पटलं. त्याच दिवशी गाडीत बसून मी अडकवत सुटले. गॅर्युलस, म्हणजे वायफळ बडबड करणारी, गिरजाबाई. इंडोलंट, म्हणजे आळशी, माझा भाऊ मिथुन, कारण मी जेव्हा जेव्हा त्याला बघते तेव्हा तो झोपलेला असतो. टॅसिटर्न, म्हणजे अबोल, ज्याच्या तोंडून शब्द फुटत नाही, तिथे बाबा. ते लिहायला मला क्षणभरही विचार करावा लागला नाही. क्वेरुलस, आई. पंधरा दिवसांत दोनशे शब्द झाले, आणि खरंच एकही विसरला नाही. मला स्वतःचं कौतुक वाटलं होतं. नागोठणं येईपर्यंत अख्खं गाव माझ्या हातात मावत होतं आणि मला वाटत होतं, आता सात गुण कुठे जातात.

त्या सोमवारी मात्र गाडीत बसल्यावर मी आधी गठ्ठा मोजला. एकशे नव्व्याण्णव. क्वेरुलस नव्हतं. म्हणजे आईने ते काढून घेतलं होतं. मग मला आठवलं, मिनीडोरचे पैसे द्यायला तिने पिशवीतून मोबाइल काढला तेव्हा त्याच्या पारदर्शक कव्हरमध्ये काहीतरी पांढरं होतं. मला वाटलं देवीचा फोटो असेल. तिने ते कार्ड कव्हरमध्ये घालून ठेवलं होतं, 'आई' लिहिलेली बाजू बाहेर करून. लोक नातवंडांचे फोटो ठेवतात तसं. मी खिडकीला डोकं टेकलं. बाहेर कासूची शेतं गेली, वालाचे वेल, एक पांढरा बगळा. परीक्षेपेक्षा मला त्या एका कार्डाची भीती वाटू लागली. गुण कमी पडले तर मी पुन्हा लॅबमध्ये जाईन, तेवढंच. पण आईला त्या शब्दाचा अर्थ कळला, आणि मी त्यानंतर विमानात बसून निघून गेले, तर ती काय घेऊन मागे राहील? पोरीने जाता जाता आपल्याला काय नाव ठेवलं, ते.

बरं, शब्द खोटा होता का? मी दिवसभर स्वतःशी हेच भांडत होते. लॅबमध्ये थेंब मोजता मोजता रंग गुलाबीचा लालभडक झाला आणि नमुना फुकट गेला. तशी ती कुरकुर करतेच. पाणी खारट लागतंय. मासा ताजा नाही. मिथुनची रात्रपाळी का, दिवसपाळी का नाही. पुण्याहून शिकून आल्यापासून तू 'नाय' म्हणत नाहीस, 'नाही' म्हणतेस, आम्ही काय परके का. आमच्या बांधाला उघाडी आहे, म्हणजे ओहोटीला शेतातलं पाणी खाडीत सोडणारी आणि भरतीला मिटणारी लाकडी झडप. तिची फळी कुजली म्हणून आई तीन वर्षं कुरकुरली. ग्रामपंचायतीत जाऊन कुरकुरली, बांधाच्या बैठकीत बायका बोलत नाहीत तिथे उभी राहून कुरकुरली. पुरुष हसले. मग भादव्यातल्या उधाणाला फळी फुटली, खारं पाणी आत आलं आणि दोन वर्षं भाताचं पीक नाही. तिला कुणी म्हणालं नाही की इंदुबाई, तुझं बरोबर होतं. मीही म्हणाले नाही. मी तेव्हा पुण्याला होते, फोनवर ती अर्धा अर्धा तास त्या फळीबद्दल बोलायची आणि मी मोबाइल उशीवर ठेवून मधे मधे 'हं' म्हणत दुसरं काहीतरी वाचायचे. हे मला लॅबमध्ये, हातात काचेची नळी असताना आठवलं. अशा गोष्टी पण बरोबर नको तेव्हाच आठवतात. त्याआधीचंही एक. बारावीनंतर पुण्याच्या वसतिगृहात जागा नाही म्हणाले होते, तेव्हा हीच बाई कार्यालयाच्या बाकावर तीन दिवस बसून त्या कारकुनाचं डोकं खात होती. पंखा चालत नाय, पाण्याला वास मारतोय, माज्या पोरीला जागा का नाय. चौथ्या दिवशी तिला उठवण्यासाठी त्याने जागा दिली. मी लाजेने दाराबाहेर उभी होते. त्या लाजेचा शब्द कुठल्या कार्डावर आहे, ते मी शोधलं नाही.

मंगळवारी मी कार्ड परत मिळवायचा प्रयत्न केला. म्हटलं, आई, ते मला अभ्यासाला लागतंय. ती भाकरी थापत होती. "दुसरं बनव," ती म्हणाली. "ह्ये माजं नाव हाय, माज्याकडंच राहील." मी म्हटलं, ते नाव नाही, तो एक शब्द आहे. "मंग सांग की कसला." तव्यावर भाकरी फुगत होती आणि ती माझ्याकडे बघत होती. मी खोटं बोलले. म्हटलं, म्हणजे... काळजी करणारी. ती म्हणाली, "व्हय? बरं हाय." आणि भाकरी उलटली. मी सुटल्यासारखी बाहेर आले आणि ओटीवर बसले. आयुष्यात इतक्या हलकट सफाईने मी कधी खोटं बोलले नव्हते. तिथे बाबा जाळं विणत बसले होते, नेहमीसारखे. सुई आत, सुई बाहेर. मी पुस्तक उघडलं तसे ते उठून अंगणात गेले, तेही नेहमीसारखं. टॅसिटर्न. माझ्या मनाने तो शब्द आपोआप म्हटला. आणि मला स्वतःचाच कंटाळा आला. आता मला माणसं दिसतच नव्हती. मिथुन आतल्या खोलीत पालथा झोपला होता, त्याच्या टाचांना कंपनीच्या बुटांचे घट्टे पडलेले, आणि माझं डोकं म्हणत होतं, इंडोलंट. बारा तास डोलवीच्या पोलादाच्या कंपनीत भट्टीजवळ उभा राहून आलेला माणूस! मी कार्ड काढलं, मिथुनचं नाव खोडलं. मग त्या शब्दाला अडकवायला दुसरं कुणी मिळेना, आणि तासाभराने मला इंडोलंटचा अर्थ आठवेना. असा हा धंदा. शब्द ठेवायचा तर माणूस जातं, माणूस ठेवायचं तर शब्द.

बुधवार, गुरुवार असेच गेले. गिरजाबाईने आपलं काम चोख केलं होतं. स्टँडवर भाजी विकणारी एक बाई आईला म्हणाली, "काय कुरुलसबाय, आज वाल नाय आनले?" आणि आई हसली. पोरगी अमेरिकेला जाणार म्हणून आईलाही इंग्रजी नाव मिळालं, असं लोक समजत होते. माझ्या डोळ्यांत पाणी यायला लागलं आणि मी ते कार्डांवर पडू नये म्हणून मान वर करून चालू लागले. गाडीत दोन शब्द वाचले की तिसऱ्याला आईचा हसरा चेहरा. आदेश सरांनी हे सांगितलं नव्हतं, की अडकवलेलं सोडवायचं कसं. दर खेपेला मी ठरवत होते, आज सांगते, आज सांगून टाकते, आई, त्या शब्दाचा अर्थ वाईट आहे, आणि मी तो तुझ्यावरून पाठ केला. दर खेपेला वाटायचं, परीक्षेनंतर. आधी गुण, मग माफी. असं वाटणाऱ्या माणसालाही इंग्रजीत शब्द असणार आणि तो नेमका मला परीक्षेत येणार, अशीही एक भीती होती.

शुक्रवारी मी रजा घेतली होती. संध्याकाळी दिवे लागले, बाबा उघाडीकडे पाणी बघायला गेले होते, मिथुन पाळीला. आई कोलंबी सोलत होती. मी तिच्यासमोर उकिडवी बसले आणि म्हणाले, "आई, क्वेरुलस म्हणजे काळजी करणारी नाही. मी खोटं बोलले. क्वेरुलस म्हणजे..." आणि पुढे शब्दच फुटेना. हजार शब्द पाठ केलेली मी.

"कुरकुर करनारी," आई म्हणाली. हात चालूच होते. "तक्रारखोर. मिथुनच्या फोनला इचारलं. फोनमदली बाय बोलली."

"कधी?"

"आयतवारी. तुजं कार्ड खाली पडलेलं, झाडताना गावलं, तवाच."

म्हणजे सोमवारी मिनीडोरमध्ये तिला माहीत होतं. "मग गिरजाबाईला कशाला सांगितलंस? सगळ्या गावाला..."

"तुजं तोंड बगायचं व्हतं," ती म्हणाली. "म्हटलं, कवा सांगते बगू. पाच दीस लागले. हुशार पोरगी माजी." मग ती हसायला लागली, खांदे हलवून, आवाज न करता, आणि मी रडायला लागले, आणि त्यामुळे तिला आणखी हसू आलं. "अगो, रडतेस कशाला? खोटं लिवलंस का काय? मी कुरकुर करते. केली नसती तर तू पुन्यात शिकली असतीस? मना राग नाय आला." तिने बोटांनी कोलंबीचं डोकं मोडलं, बाजूला टाकलं. "थोडा आला. पयल्या दिवशी."

मी माफ कर म्हणाले. ती म्हणाली, बरं. मला वाटलं, झालं, संपलं, आणि माझं अंग इतकं हलकं झालं की मी डोळे पुसून तिच्याबरोबर कोलंबी सोलायला बसले. तेवढ्यात ती म्हणाली, "पन एक चुकलंय तुजं. बाकीची कार्डं पन मी बगितली. बाबांचं."

"टॅसिटर्न?"

"त्येच. त्ये पन इचारलं. गप बसनारा." तिने मान हलवली. "तुजा बाप गप बसनारा? अगो, तू रोह्याला गेलीस की त्याचं तोंड बंद व्हत नाय. खाडीचं सांगंल, मिठागरावरचं सांगंल, त्याच्या बापाचं सांगंल, माजं डोकं उठवतो. गिरजाबाय बरी त्याच्यापुडं. तू घरात आलीस, पुस्तक उगडलंस, का गप. मना पन गप करतो. म्हनतो, पोरगी वाचते, तिच्या ध्यानात राहू दे. बारावीपासून असंच हाय."

बारावीपासून. मी अकरा वर्षं मोजली, कारण मोजण्याखेरीज मला दुसरं काही सुचत नव्हतं. सुट्टीत घरी आले की पुस्तक, नोकरी लागल्यावर संध्याकाळी पुस्तक, गेली दोन वर्षं तर हातातून शब्दांचं पुस्तक खाली ठेवलंच नव्हतं. आणि दर वेळी ते उठून अंगणात जायचे. मला वाटायचं, स्वभाव. मी त्या स्वभावाला इंग्रजी नाव शोधून दिलं होतं आणि ते पहिल्या फटक्यात पाठ झालं म्हणून खूश झाले होते. आईचं कार्ड निदान खरं तरी होतं. हे मुळातच चुकीचं होतं, आणि कुठल्याही परीक्षेत ते चूक म्हणून निघालं नसतं. मला संताप आला, बाबांचा, की एकदा तरी सांगायचं होतंत. आणि मग माझा आला, तो जास्त वेळ राहिला. बाबा परत आले, पाय धुतले, माझ्या हातात कोलंबी बघून दारात जरा थबकले, आणि मी काही बोलायच्या आत आईने ताटं मांडली.

शनिवारी उजाडायच्या सुमारास बाबा मला मोटरसायकलवरून पेणला सोडायला निघाले. मुंबईची बस होती. गठ्ठा मी पिशवीच्या तळाशी टाकला आणि वरून डबा ठेवला. रिकामे हात त्यांच्या खांद्यावर ठेवले. बांधावर आलो तेव्हा खाडी भरत होती, उघाडीची नवी फळी मिटलेली दिसली. ते काहीच बोलले नाहीत. मी वाट बघितली. डांबरी रस्ता लागला, तेव्हा त्यांनी मान किंचित कलती करून आरशात बघितलं, माझ्या हातात काही नाही हे बघितलं असावं, आणि बोलायला लागले. खरंच बोलायला लागले. पण गाडीने वेग घेतला होता, वारा तोंडावर येत होता, आणि मला तुटक तुटक ऐकू येत होतं. "तुजी आजी... त्या उधाणाला... तू एवढीशी, टोपलीत..." मग एक ट्रक गेला. मग "...म्हनलं, ही पोरगी..." आणि पुढचं सगळं वाऱ्यावर. अकरा वर्षांनी माणूस तोंड उघडतो आणि मधे ट्रक येतो! मी ओरडले, "काय?"

"काय नाय," ते म्हणाले, आणि गप्प झाले.

पेणचे दिवे दिसायला लागले होते. स्टँडला पाच मिनिटं. मला माहीत होतं की बस चुकली तर परीक्षा गेली आणि परीक्षा गेली तर वर्ष गेलं. मी पुढे वाकले, त्यांच्या कानाशी तोंड नेलं.

"नाय बाबा," मी म्हणाले. "हळू चालवा आन् परत सांगा. पयल्यापासून."

त्यांनी गाडी रस्त्याच्या कडेने घेतली, वेग कमी केला, घसा साफ केला. "तर तुजी आजी," ते म्हणाले.